जिथे हिशेब जुळतो, तिथे तरुण शेती करतात

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक वेगळीच वरात निघाली. डोक्याला बाशिंग बांधलेले तरुण, त्यातले काही घोड्यावर, पुढे वाजंत्री, आणि नवरी मात्र कुठेच नाही. वरात जाऊन थांबली ती जिल्हाधिकारी कार्यालयासमोर. लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडकपणे राबवा, ही मोर्चेकऱ्यांची मागणी होती. मुलींची घटलेली संख्या हे त्यांच्या अडचणीचे मोठे कारण खरेच. पण ग्रामीण महाराष्ट्रात मुलाचे लग्न अडते त्याला आणखी एक कारण असते, आणि ते सगळ्यांना ठाऊक असते: मुलगा शेती करतो. स्थळ पाहायला आलेले लोक मुलाला नोकरी आहे का हे आधी विचारतात आणि गावाकडे शेती किती हे नंतर. शेती असावी, पण मुलाने ती करू नये, अशी ही अपेक्षा असते.

तरुणांनी शेतीकडे वळावे असे आवाहन प्रत्येक कृषी मेळाव्यात केले जाते. काळ्या आईची आठवण काढली जाते, बळीराजाचा जयजयकार होतो. समोर बसलेला विशीतला मुलगा टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन पोलीस भरतीचा अर्ज भरतो. त्याला आळशी किंवा मातीशी बेइमान म्हणणे सोपे आहे. पण त्याने घरातला हिशेब पाहिलेला असतो, आणि तो हिशेब एकदा नीट समजून घ्यायला हवा.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकांपासून मिळालेले निव्वळ उत्पन्न होते ३,७९८ रुपये, म्हणजे संपूर्ण कुटुंबामागे दिवसाला सुमारे १२७ रुपये. मजुरीतून मिळणारे ४,०६३ रुपये त्याहून जास्त होते. शेतकरी कुटुंब आता पिकापेक्षा मजुरीवर अधिक जगते, असाच त्याचा अर्थ. त्याआधी २००३ च्या पाहणीत, दुसरा पर्याय मिळाला तर शेती सोडू, असे सुमारे ४० टक्के शेतकऱ्यांनी सांगितले होते. ज्यांनी हे सांगितले, त्यांचीच मुले-नातवंडे आज विशी-पंचविशीत आहेत.

जमिनीचे तुकडेही होत गेले. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. आजोबांकडे सरासरी साडेदहा एकर, नातवाकडे सव्वातीन. त्यातही पाणी असेलच असे नाही.

आणि पीक हाती आले तरी पैसे हाती येतीलच याची खात्री नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या हाती पडला दोन रुपयांचा धनादेश, आणि तोही पुढच्या तारखेचा. त्या विक्रीच्या हिशेबपट्टीचे छायाचित्र राज्यभर फिरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली. भाव पडतो तेव्हा शेतकरी एकटा असतो आणि चढतो तेव्हा सरकार मध्ये येते, हे कांदा उत्पादकाच्या घरातले पोर शाळेत असतानाच शिकते.

हे गणित मांडणारा सर्वांत ठळक माणूस स्वतः नोकरी सोडून शेतीत आला होता. शरद जोशी भारतीय टपाल सेवेतले अधिकारी. नंतर ते स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी जागतिक टपाल संघटनेत होते. सत्तरच्या दशकात ती नोकरी सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. हिशेब चोख ठेवण्याची सवय असलेल्या या माणसाने प्रत्येक पिकाचा खर्च आणि पट्टी समोरासमोर मांडली. तूट कष्टातली नसून भावातली आहे, हा त्यांचा निष्कर्ष त्यांनी उभ्या केलेल्या शेतकरी संघटनेच्या आंदोलनांचा पाया झाला. त्यांच्या सगळ्या मतांशी सहमत होण्याची गरज नाही. पण शिकलेला माणूस शेतीत उतरला की पहिल्यांदा काय शोधतो, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते.

तो खात्री शोधतो. पाण्याची, भावाची, महिन्याकाठी घरात येणाऱ्या पैशांची आणि कागदावर आपले नाव असण्याची. यातली एखादी खात्री जिथे निर्माण झाली, तिथे तरुणांना बोलावण्यासाठी कुणाला भाषणे करावी लागली नाहीत. महाराष्ट्रातच याची उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण पाण्याचे. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतले गाव. १९८९ मध्ये एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा गावातली कर्ती माणसे कामासाठी पुण्या-मुंबईकडे निघून जात होती. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, डोंगरावर समतल चर, ओढ्यांवर बंधारे ही कामे आज अनेक गावे करतात. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन दोन कठीण निर्णय घेतले. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत, आणि ऊस-केळीसारखी तहानलेली पिके लावायची नाहीत. दरवर्षी पाऊस मोजायचा, गावात पाणी किती मुरले याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून रब्बीत कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. पाण्याची खात्री झाली तसा चारा वाढला, दूध वाढले, आणि बाहेर गेलेली कुटुंबे परत येऊ लागली. ती परत आली कारण वर्षभर पुरेल इतके काम गावात तयार झाले होते.

दुसरे उदाहरण बाजाराचे, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातले. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचे संस्थापक विलास शिंदे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन शेतीत उतरले. सुरुवातीच्या प्रयोगांत तोटा आणि कर्ज दोन्ही वाट्याला आले. एकट्या शेतकऱ्याची बाजारात ताकद नाही हे उमगल्यावर द्राक्ष उत्पादकांना एकत्र करून निर्यात सुरू झाली आणि त्यातून शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली. कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना आपल्या मालकीची अशी कंपनी काढता येते. सह्याद्रीच्या प्रक्रिया उद्योगात २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले.

इथे एका द्राक्षघडाचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे, कारण शेतीतले करिअर म्हणजे काय हे त्यातून दिसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. मणी धरले की कात्रीने विरळणी, म्हणजे उरलेले मणी मोठे होतात. मण्याची जाडी रिंग लावून मिलिमीटरमध्ये मोजतात, गोडी ब्रिक्समध्ये. युरोपला जाणाऱ्या बागेची अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंद लागते आणि तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. तेव्हापासून प्रत्येक फवारणीची नोंद, औषधाचे नाव, तारीख आणि तोडणीपर्यंतचे दिवस, हे सगळे जिवापाड जपले जाते. घड पॅकहाउसमध्ये आला की निवड, वजन, पॅकिंग, पूर्वशीतकरण, मग थंड कंटेनर आणि बंदर.

या साखळीत बागेचा मालक एक. त्याच्या मागेपुढे सल्लागार, माती-पाणी-पानदेठ तपासणारा, उर्वरित अंश तपासणारा रसायनतज्ज्ञ, प्रतवारी पाहणारी मुलगी, शीतगृहाचा तंत्रज्ञ, निर्यातीची कागदपत्रे सांभाळणारा आणि हिशेब ठेवणारा अशी माणसे लागतात. शेती करायची म्हणजे नांगरच धरायचा असे नाही. जमीन नसलेल्या घरातल्या मुलामुलींनाही या साखळीत जागा आहे, आणि त्यांचे पगार त्यांच्याच तालुक्यात होतात.

तिसरे उदाहरण महिन्याच्या पैशांचे. जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर हा दुष्काळाचा आणि कपाशी-सोयाबीनचा पट्टा. गेल्या काही वर्षांत इथे तुतीची लागवड वाढली. रेशमाच्या अळीची अंडी अंडीपुंजांच्या रूपात मिळतात. अळ्या अंड्यातून बाहेर आल्यापासून दुसरी कात टाकेपर्यंत फार नाजूक असतात. ऊब, दमटपणा आणि स्वच्छता यात थोडी चूक झाली तरी सगळी बॅच हातची जाते. म्हणून हे काम चॉकी सेंटर करते आणि वाढलेल्या अळ्या शेतकऱ्याला विकते. शेतकरी त्या शेडमधल्या रॅकवर सोडतो आणि तुतीच्या फांद्या टाकत राहतो. शेवटच्या आठवड्यात अळीची भूक अशी वाढते की एकूण पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला याच दिवसांत लागतो, आणि घरातले सगळे पाला तोडायला लागतात. मग अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठी ठेवलेल्या जाळीवर, चढतात आणि कोष विणतात. अळी अंड्यातून बाहेर आल्यापासून कोषापर्यंत साधारण चार आठवडे लागतात. शंभर अंडीपुंजांमागे साठ-सत्तर किलो कोष निघाले तर बॅच चांगली झाली म्हणतात.

पूर्वी हे कोष विकायला कर्नाटकातल्या रामनगरमला जावे लागे. २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजारपेठ सुरू झाली आणि शेकडो किलोमीटरची ती खेप टळली. वर्षातून एकदा येणाऱ्या कापसाच्या पैशांऐवजी वर्षाला चार-पाच वेळा घरात पैसे येऊ लागले की तरुणाला आपला व्यवसाय सांगताना संकोच वाटत नाही. दुकानदाराची उधारी, मुलांची फी, बँकेचा हप्ता यांच्या तारखा त्याला सांगता येतात. रेशीमशेतीत जोखीम आहेच. शेजाऱ्याने कपाशीवर फवारलेले औषध वाऱ्याने तुतीवर आले तर अळ्या मरतात, आणि कोषाचा दरही खाली-वर होतो. पण काही आठवड्यांत पुढची बॅच लावता येते, म्हणून एका फटक्याने वर्ष वाया जात नाही.

मावळातल्या गुलाबाची गोष्टही अशीच. तळेगाव दाभाडेला संरक्षित शेतीचे प्रशिक्षण घेऊन पवन मावळातल्या तरुणांनी दहा-वीस गुंठ्यांपासून हरितगृहे उभारली. व्हॅलेंटाइन डेला लाल फूल हवे म्हणून झाडांची छाटणी डिसेंबरच्या मध्यावर होते आणि जानेवारीअखेर ‘टॉप सीक्रेट’ जातीची फुले परदेशी विमानांत चढतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा याच फुलांना गिऱ्हाईक नव्हते आणि ती तोडून फेकावी लागली. भांडवली शेतीत कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे त्या वर्षाने दाखवले. म्हणून एकाच दिवसाच्या बाजारावर सगळे न लावण्याचा धडाही या धंद्यातल्या प्रशिक्षणाचा भाग व्हायला हवा.

नवे तंत्र तरुणांना ओढते यात शंका नाही, पण ते कुठल्या दुखण्यावर उपाय आहे हे पाहिले पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, तोंडाला साधा रुमाल, हे फवारणीचे नेहमीचे चित्र. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन एका एकरावर दहा मिनिटांच्या आत फवारणी करतो आणि चालवणारा बांधावर उभा असतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे दहावी उत्तीर्ण आणि अठरा वर्षे पूर्ण असलेल्या तरुण-तरुणींना मान्यताप्राप्त संस्थेत शिकून रिमोट पायलटचे प्रमाणपत्र घेता येते. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचतगटांना ड्रोनसाठी ८० टक्के, कमाल आठ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. गावातल्या मुलीने ड्रोन उडवून एकरी भाडे घ्यायचे, हा धंदा दहा वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हता.

तरीही कृषी पदवीधरांचा मोठा ओढा सरकारी नोकरीकडेच आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न कितीतरी महाविद्यालये राज्यात आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात स्पर्धा परीक्षेचे उमेदवार रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या प्रमुख मागण्यांपैकी एक होती कृषी सेवेच्या २५८ जागा राज्यसेवेच्या परीक्षेत घ्याव्यात ही. २५८ जागांसाठी झगडणारी ही मुले शेतीच शिकलेली होती. त्यांना दोष देण्याआधी पदवीत त्यांना काय शिकवले हे विचारले पाहिजे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणून गावात राहायला येतात, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके दाखवतात, माती परीक्षण समजावतात. हा उपक्रम चांगलाच आहे. पण त्यात त्यांनी एखाद्या शेतकऱ्याची वर्षभराची जमाखर्च वही मांडली, त्याच्या मालाबरोबर बाजार समितीत जाऊन लिलाव पाहिला, बँकेत कर्जाचे प्रकरण केले, तर शेतीतला धंदा त्यांच्या हाताखालून जाईल.

धंदा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी सोयी आहेत, त्या पुरेशा माहीत नाहीत. ॲग्री क्लिनिक आणि ॲग्री बिझनेस सेंटर ही केंद्राची योजना २००२ पासून चालू आहे. कृषी पदवीधर-पदविकाधारकांना ४५ दिवसांचे मोफत निवासी प्रशिक्षण, वैयक्तिक प्रकल्पाला वीस लाखांपर्यंत कर्ज, त्यावर सर्वसाधारण गटाला ३६ आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदान असे तिचे स्वरूप आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१५ मध्ये ‘आर्या’ हा प्रकल्प खास ग्रामीण तरुणांसाठी सुरू केला. कृषी विज्ञान केंद्रांमार्फत कुक्कुटपालन, मधमाशीपालन, अळिंबी, रोपवाटिका, प्रक्रिया अशा उद्योगांचे प्रशिक्षण त्यात मिळते. २०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे.

मात्र या सगळ्या योजनांचा अर्ज भरायला बसले की पंचवीस वर्षांच्या मुलासमोर पहिला कागद येतो तो सातबारा. त्यावर नाव वडिलांचे असते, कधीकधी वारलेल्या आजोबांचे. शेत तो कसतो, पण कर्ज, अनुदान, ठिबकचा प्रस्ताव, सगळ्याला वडिलांची किंवा चुलत्यांची सही लागते. निर्णय त्याच्या हाती नसतो आणि खात्यावर पैसाही त्याचा नसतो. वाटणी करावी तर तुकडे आणखी लहान होतात.

बाईच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट होतो. ग्रामीण भारतात काम करणाऱ्या चार महिलांपैकी तीन शेतीत आहेत, पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत महिलांच्या नावावरची वहिवाट खाती जेमतेम १४ टक्के होती. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलीने आपली आई खुरपणी, गोठा आणि चूल यांत पिचताना पाहिलेली असते, आणि त्या कष्टांचे कुठल्याच कागदावर नाव नाही हेही पाहिलेले असते. शेतकरी संघटनेने नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे केला होता. मुलींनी शेतकऱ्याच्या घरात यावे असे वाटत असेल तर त्या मोहिमेचे काम पुन्हा हाती घ्यावे लागेल.

जमीन नसलेल्या पण शेती करू पाहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. गावोगाव जमिनी पडीक दिसतात, मालक शहरात असतात. त्या खंडाने किंवा अर्धलीने घेणारे तरुण आहेत, पण हे व्यवहार बहुतेक तोंडी होतात. कुळकायद्यामुळे जमीन हातची जाईल अशी मालकाला भीती वाटते, म्हणून तो लिहून देत नाही. लेखी करार नाही म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज मिळत नाही, आणि गारपीट झाली तर नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात जाते. निती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला. मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज आणि विमा मिळावा, हा त्याचा गाभा आहे.

रात्रीच्या विजेचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण गावातल्या मुलांना विचारले तर तो पहिल्या तिनांत येतो. शेतीपंपाची वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी असली की बारा वाजता बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला जायचे, थंडीत गुडघाभर ओल्यात दारे धरायची, साप-विंचवाची आणि आता बिबट्याचीही धास्ती बाळगायची. सकाळी त्याच मुलाला मंडईत माल पोहोचवायचा असतो. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचे काम राज्यात चालू आहे. ज्या फिडरवर ते झाले, तिथल्या तरुणाच्या आयुष्यात कुठल्याही मेळाव्यापेक्षा मोठा फरक पडतो.

एक सावधगिरीची गोष्ट आकड्यांबद्दल. श्रमबल पाहणीनुसार देशातल्या एकूण रोजगारात शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्क्यांवर गेला. याला शेतीचे आकर्षण म्हणता येणार नाही. करोनाच्या काळात शहरातले काम सुटल्यामुळे अनेकांना घरच्या शेतात परतावे लागले. नाइलाजाने परतलेल्यांमुळे तीच सव्वातीन एकर आणखी एका माणसात वाटली गेली, उत्पन्न वाढले नाही. हिवरे बाजार, मोहाडी किंवा जालन्यात जे घडले ते वेगळे आहे: तिथे आधी कामाची किंमत वाढली आणि मग माणसे आली.

म्हणून तरुण शेतीत यावेत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी कामाची यादी बरीच नेमकी आहे. ग्रामपंचायतीने पाण्याचा ताळेबंद मांडायला घेणे, तालुक्याला चालते एक पॅकहाउस किंवा कोष बाजारासारखी जवळची बाजारपेठ असणे, खंडाच्या जमिनीला लेखी करार मिळणे, दिवसा वीज येणे, निर्यातीच्या धोरणात मध्येच बदल न होणे. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठीही एक काम आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. शेत कसणाऱ्या मुलाचे, मुलीचे किंवा सुनेचे नाव सातबाऱ्यावर चढवून, जमीन मात्र एकत्रच कसायची, असे ठरवणाऱ्या कुटुंबाला याचा लाभ घेता येईल. नाव लागल्यावर तोच तरुण पुढच्या खरिपाआधी आपल्या सहीने बँकेत कर्जाचे प्रकरण करू शकतो, आणि कोणते पीक लावायचे हे विचारायला घरातले लोक त्याच्याकडे वळतात.